हरलेल्या डावाची खतावणी

बुद्धिबळात हरलेल्या माणसाजवळ सबबींचा तोटा नसतो. घड्याळ संपत आले होते, समोरचा खेळाडू सारखा पाय हलवीत होता, सभागृहात उकडत होते, आदल्या रात्री झोप झाली नव्हती. पत्राने खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाने यांतील बहुतेक सबबी काढून घेतल्या आहेत. तेथे एका खेळीला १ दिवस, ३ दिवस, कधी १४ दिवसही मिळतात. पट घरातच असतो. सुरुवातीच्या खेळ्यांचे पुस्तक उघडून पाहण्याची मुभा असते. इतके असूनही माणूस आपला उंट फुकट गमावतो. तो कसा गमावतो, हे शोधणे हा अशा डावाच्या विश्लेषणाचा विषय होय. आणि पेढीवर बसणाऱ्या माणसाला तो विषय फारसा परका वाटण्याचे कारण नाही.

आता हे डाव पोस्टकार्डावर चालत नाहीत, मोबाइलवर चालतात. चेस डॉट कॉम हे संकेतस्थळ २००७ साली सुरू झाले, लिचेस २०१० साली. दुसरे पूर्णपणे विनामूल्य आहे. दोन्हींवर झटपट डावांबरोबर दिवसांच्या मुदतीचे डावही खेळता येतात. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या पट्ट्यातील दुकानदार घरांना हा दुसरा प्रकार विशेष सोयीचा आहे. दुकान सकाळी उघडते ते रात्री उशिरा बंद होते; रविवारी स्पर्धेला जाऊन बसावे, तर रविवारीच गिऱ्हाईक जास्त. चार तासांचा अखंड डाव अशा माणसाच्या नशिबी क्वचितच येतो. तीन दिवसांत एक खेळी मात्र कोणालाही जमते. माल उतरवून झाल्यावर, दुपारी जेवणानंतर, किंवा ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर तेव्हा.

याच सोयीत खरी अडचण दडलेली आहे. मुदत तीन दिवसांची असते. खेळी मात्र कळवा आणि मुंब्रा यांच्यामध्ये वीस सेकंदांत होऊन जाते. पडद्यावर दोन्ही खेळ्या सारख्याच दिसतात. जिच्यावर दोन संध्याकाळी विचार झाला तीही, आणि जी उतरण्याच्या गडबडीत बोट लागून गेली तीही. म्हणून नुसता खेळ्यांचा तक्ता पुढे ठेवून केलेले विश्लेषण अपुरे राहते. खेळ्या काय घडले एवढेच सांगतात.

ज्यांनी हा प्रकार टपालाने खेळला त्यांना हे चांगले ठाऊक होते. लंडन आणि एडिंबरो या दोन शहरांच्या मंडळांतील पत्राचा सामना १८२४ ते १८२८ अशी चार वर्षे चालला. तो एडिंबरोने जिंकला, आणि त्यात वापरलेल्या एका सुरुवातीला आजही ‘स्कॉच’ हे नाव आहे. आपल्या देशात मद्रास आणि हैदराबाद यांच्यात पत्राने दोन डाव झाले. मद्रासच्या बाजूचे मुख्य सूत्रधार गुलाम कासिम यांनी त्या दोन डावांवर टिपणे लिहिली आणि जेम्स कॉक्रेन या सनदी अधिकाऱ्याच्या साहाय्याने १८२९ साली मद्रासला त्यांचे पुस्तक छापून काढले. सोबत ‘मुझिओ गँबिट’ या धाडसी सुरुवातीचे सविस्तर विश्लेषण जोडले. मुंबईतही छापील बुद्धिबळ-विवेचनाची परंपरा जुनीच आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे युरोपीय पद्धतीच्या खेळाला अनुसरून रचलेले, मुख्यतः अडचणीच्या स्थितींचे पुस्तक १८१४ साली मुंबईत इंग्रजीत निघाले. मात्र स्वतः खेळलेला पत्राचा डाव स्वतःच तपासून लोकांपुढे ठेवण्याचे गुलाम कासिम यांचे काम वेगळे आहे. ज्या काळी एका खेळीचा कागद मैलोगणती प्रवास करून पोहोचत असे, त्या काळी दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहताना आपल्याच खेळीकडे पुन्हा पुन्हा पाहणे भागच होते. त्यांच्या नावाची एक चाल अजून सुरुवातींच्या कोशांत आहे.

टपालाच्या काळातील आणखी एक गोष्ट व्यापारी वाचकांना आवडावी. निरनिराळ्या भाषांतील खेळाडूंना एकमेकांची खेळी कळावी म्हणून पत्रांत अक्षरे टाळून नुसते आकडे लिहीत. पटाच्या आठ उभ्या रांगांना १ ते ८ आणि आडव्या रांगांनाही १ ते ८ असे क्रमांक. राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे गेले की लिहायचे ५२५४. म्हणजे पाचव्या रांगेतील दुसऱ्या घरातून पाचव्या रांगेतील चौथ्या घरात. चार आकड्यांत खेळी पूर्ण. कापडाच्या ठाणावर खरेदीची किंमत सांकेतिक अक्षरांत लिहिण्याची जुन्या पेढ्यांची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा संकेत समजायला वेळ लागणार नाही. पत्रव्यवहाराच्या बुद्धिबळाची आंतरराष्ट्रीय संघटना, जिला आयसीसीएफ म्हणतात, ती १९५१ पासून आहे. तिचे सामने आज संगणकाच्या जाळ्यावर चालतात, तरी हे आकडे तिच्या दप्तरात अजून टिकून आहेत.

आता विश्लेषणाकडे वळू. डाव संपताच बहुतेक खेळाडू एक बटण दाबतात. स्टॉकफिश नावाचे इंजिन काही क्षणांत सगळ्या खेळ्या तपासते आणि कुठे घोडचूक झाली, कुठे लहान चूक झाली, याच्या खुणा लावून देते. हे इंजिन २००८ साली प्रथम निघाले आणि आज जगातील कोणत्याही माणसापेक्षा फार बलवान आहे. प्रत्येक स्थितीपुढे ते एक आकडा मांडते, आणि त्याचे माप प्यादे हे असते. अधिक एक म्हणजे पांढऱ्याची बाजू एका प्याद्याइतकी वरचढ. आकडा खाली घसरला की तेवढ्या किमतीची चूक झाली असे समजायचे.

इंजिन नुकसानीची रक्कम बिनचूक सांगते. कारण सांगणे त्याच्या शक्तीबाहेरचे आहे, कारण ते खेळाडूच्या डोक्यात असते आणि डाव संपेपर्यंत तेथूनही पुसले गेलेले असते. पत्राचा डाव दोन-दोन महिने चालतो. आठवी खेळी करताना मनात काय होते हे चाळिसाव्या खेळीनंतर कोणाला आठवणार? जे आठवते ते बहुधा सोयीचे असते. “ते मला दिसले होते, पण…” असे सुरू होणारे वाक्य प्रामाणिक माणूसही सहज बोलून जातो. ज्याला आपला खेळ सुधारायचा आहे त्याच्यापाशी म्हणूनच एक साधन हवे: खेळी करण्याच्या वेळी, खेळी करण्यापूर्वी लिहिलेली ओळ. दोन्ही संकेतस्थळांवर प्रत्येक डावाला खाजगी टिपणाची जागा आहे. ती वापरावी, नाही तर गल्ल्याशेजारी एक वही ठेवावी. वही बरी, कारण ती उघडायला खिशातला फोन काढावा लागत नाही.

टिपण लांबलचक नको. कोणती खेळी करतो आहोत, का करतो आहोत, समोरचा काय उत्तर देईल असे वाटते, आणि किती वेळ विचार केला. गाडीत केली असेल तर ‘गाडीत’ एवढेच लिहावे. पुढे तो एक शब्द पुष्कळ काही उलगडतो.

ही वही म्हणजे कीर्द झाली. घडले तसे, तारखेवार. कीर्द लिहून कोणी थांबत नाही. तीवरून खतावणी होते, आणि कोणाकडे किती निघते ते खतावणीतच कळते. एका डावाचे विश्लेषण कितीही बारकाईने केले तरी ते कीर्दीच्या पातळीवरच राहते. दहा डाव झाले की चुका त्यांच्या खात्यांत मांडाव्यात. समोरच्याचे उत्तर पाहिलेच नाही, हे एक खाते. उत्तर पाहिले पण त्याला कमी लेखले, हे दुसरे. प्यादे फुकट मिळते म्हणून घेतले, हे तिसरे. कंटाळा आला म्हणून मोहरांची अदलाबदल केली, हेही एक, आणि पत्राच्या डावात ते अपेक्षेपेक्षा जाडजूड निघते. कोणते खाते फुगले आहे ते पाहिल्याशिवाय ‘यापुढे नीट खेळेन’ या निश्चयाला फारसा अर्थ नसतो. सुरुवातींची नवी पुस्तके विकत आणणाऱ्या कित्येकांचा तोटा सुरुवातीत होतच नसतो.

उदाहरणादाखल एक डाव घेऊ. समजा, ठाण्याच्या जांभळी नाक्यावर घाऊक दुकान असलेले एक गृहस्थ आणि डोंबिवलीत फडके रोडच्या बाजूला दुकान असलेले त्यांचे धाकटे साडू असा हा सामना आहे. एका खेळीला तीन दिवस. ठाणेकर पांढरे. खेळ्या अशा होतात: १. ई४ ई५ २. घोडा एफ३, घोडा सी६ ३. उंट बी५ ए६ ४. उंट ए४ डी६ ५. डी४ बी५ ६. उंट बी३, घोड्याने डी४ वरचे प्यादे घेतले ७. पांढऱ्या घोड्याने तो घोडा घेतला, काळ्याच्या ई प्याद्याने हा घोडा घेतला. आता डी४ वर काळ्याचे एक प्यादे उभे आहे, त्याला कोणाचा आधार दिसत नाही, आणि पांढऱ्याचा वजीर समोर आहे. ठाणेकर ८. वजीर घे डी४ ही खेळी करतात.

वहीतील त्यांची ओळ अशी: “प्यादे परत मिळते. सी५ आले तर वजीर डी५ वर, एकाच वेळी एफ७ वर मात आणि ए८ वरचा हत्ती. गाडीत.”

ओळ चुकीची नाही. ८… सी५ ९. वजीर डी५ या खेळीत दोन्ही धमक्या खऱ्या आहेत. मागे बी३ वर उंट असल्याने एफ७ वर मातच होते. डोंबिवलीकर ९… उंट ई६ खेळतात. उंट मधे आला, त्याने वजिरावर हल्ला केला, आणि सी८ चे घर मोकळे झाल्याने काळ्याच्या वजिराचा आधार ए८ च्या हत्तीपर्यंत पोहोचला. एका खेळीत दोन्ही धमक्या विझल्या. १०. वजीर सी६ शह, उंट डी७ ११. वजीर पुन्हा डी५, आणि मग ११… सी४. हे लहानसे प्यादे उंटाच्या तोंडावर येऊन बसते. बी३ वरच्या उंटाला मागे ए२ आणि सी२ येथे आपलीच प्यादी आहेत, ए४ वर बी५ च्या प्याद्याचा मारा आहे, पुढे वाट बंद. १२. उंट घे सी४, बी प्याद्याने उंट घेतला, १३. वजीर घे सी४. उंटाच्या बदल्यात दोन प्यादी मिळाली. उंटाची किंमत साधारण तीन प्याद्यांची धरतात, आणि सुरुवातीच्या डावात मोहरा प्रत्यक्षात त्याहून महाग पडतो.

या सापळ्याला ‘नोहाची नौका’ असे जुने नाव आहे. १९२९ साली बुडापेस्टच्या स्पर्धेत एंड्रे स्टाइनर यांच्यासारखा नामांकित खेळाडू कापाब्लांकाविरुद्ध याच खेळ्यांनी यात सापडला आणि डाव हरला. तेव्हा ठाणेकरांनी फार खजील होण्याचे कारण नाही. पण स्टाइनर घड्याळ लावून पटासमोर बसले होते. ठाणेकरांपाशी तीन दिवस होते, आणि नियमाने पुस्तक पाहण्याची मोकळीकही होती. कोणत्याही बऱ्या पुस्तकात आठव्या खेळीला उंट डी५ सापडले असते: हत्तीवर हल्ला, ८… हत्ती बी८ ९. उंट सी६ शह, उंट डी७ १०. उंटाने उंट घेतला, वजिराने तो घेतला, आणि मग ११. वजीर घे डी४. प्यादे तेच, तीन खेळ्या उशिरा, पण धोक्यातला उंट आधीच अदलाबदलीत मोकळा झालेला.

इंजिन आठव्या खेळीवर खूण लावून पुढे जाईल. वही वाचली की दिसते ती गोष्ट निराळी आहे. ठाणेकरांचा हिशेब स्वतःच्या नवव्या खेळीपर्यंत बरोबर चालला आणि तेथे, जिथे आपल्या बाजूला दोन धमक्या जमा झाल्या, तिथेच थांबला. नफा दिसताच हिशेब बंद. ‘आता समोरचा काय करील?’ हा प्रश्न एकदा विचारला असता तर ई६ वरचा उंट दिसला असता, कारण ती खेळी लपलेली नाही. एवढ्या एका उत्तराने सगळे मोडते. म्हणजे ही चूक ‘सापळा माहीत नव्हता’ या खात्यात जात नाही, ‘उत्तर पाहिले नाही’ या खात्यात जाते. सापळा पाठ करणे सोपे आहे. दुसऱ्या खात्यातील येणे वसूल करणे कष्टाचे आहे, कारण तीच सवय पुढच्या डावात वेगळ्या मोहऱ्यांसह परत येते.

डावाचा उरलेला भागही तपासला पाहिजे, आणि तो कोणी तपासत नाही. उंट गेल्यावर ठाणेकर आणखी वीस-बावीस खेळ्या खेळले, त्यांपैकी बहुतेक काही मिनिटांत. वहीत त्या भागात ओळीच नाहीत. नुकसान झाले की लिहिणे बंद होते. तोट्यातल्या दुकानाची कीर्द आधी मागे पडते तसेच. वास्तविक तेथेही लढण्यासारखी स्थिती एक-दोनदा आली असेल. इंजिनाचा आकडा मधेच शून्याकडे सरकला असेल, तर समोरच्यानेही चूक केली होती आणि ती पाहायला कोणी हजर नव्हते. विश्लेषणात अशा जागेवर मुद्दाम थांबावे.

आता साडूंची वही. समोरासमोरच्या डावात दोघे खेळाडू खेळ संपल्यावर पट न उचलता चर्चा करतात. पत्राच्या डावात ती सोय नसते, पण दोन्ही वह्या अदलाबदल करता येतात, आणि ही अदलाबदल इंजिनापेक्षा अधिक शिकवते. डोंबिवलीकरांच्या नवव्या खेळीपुढे लिहिलेले असते: “हत्ती वाचवायचा आणि मातही. दुसरे काही सुचत नाही.” दहाव्या खेळीपुढे: “डी७ वर उंटच. वजीर परत डी५ वर येईल तर बरोबरी मागतील काय?” अकराव्या खेळीपुढे मात्र शाई बदललेली: “अरे! सी४!” म्हणजे ज्याला ठाणेकर दोन महिने खोल कारस्थान समजत होते, ते कारस्थान नव्हतेच. साडू स्वतःचा हत्ती वाचवीत होते आणि वाचवता वाचवता त्यांना उंट सापडला.

या एका ओळीने एक अवघड गोष्टही मिटते. ऑनलाइन बुद्धिबळात हरलेल्याच्या मनात हल्ली पहिला विचार येतो तो संशयाचा: समोरच्याने इंजिन लावले असेल. घरातल्या घरात खेळताना हा विचार बोलून दाखवता येत नाही आणि गिळताही येत नाही. सणावारी सगळे एका पंगतीला बसतात, तेव्हा “दादा, हल्ली खेळत नाही का?” या प्रश्नाला “दुकानात फार गडबड असते” असे उत्तर मिळते, आणि खरे कारण तिसरेच असते. शाई बदललेली ती ओळ वाचल्यावर संशयाला जागा उरत नाही. ज्याला इंजिनाने सांगितले त्याला अकराव्या खेळीला आश्चर्य वाटले नसते.

या बाबतीत नियम काय आहे तो घरातील मुलांनाही स्पष्ट सांगून ठेवावा, कारण त्यात गोंधळ होण्यासारखे खरेच काही आहे. चेस डॉट कॉम आणि लिचेस यांवरील दिवसांच्या मुदतीच्या डावात सुरुवातीची पुस्तके आणि जुन्या डावांचे संग्रह पाहता येतात. चालू डावात इंजिन पाहणे मात्र निषिद्ध आहे, आणि ते उघडकीस आले तर खाते बंद होते. आयसीसीएफच्या सामन्यांत याच्या उलट इंजिन वापरण्यास मुभा आहे. तेथे दोन्ही बाजूंना ते असल्यामुळे वरच्या पातळीवरील बहुतेक डाव बरोबरीत सुटतात, आणि खेळाडूचे कौशल्य यंत्राला कोणता प्रश्न विचारावा यात दिसते. दोन्ही प्रकार आपापल्या जागी सरळ आहेत. एकाचा नियम दुसरीकडे चालवणे सरळ नाही. २०२१ च्या जून महिन्यात कोविडग्रस्तांच्या मदतीसाठी विश्वनाथन आनंद यांच्याशी ऑनलाइन डाव झाले. त्यांतील एका तरुण उद्योजकाने आनंद यांना हरवले आणि देशभर वाहवा झाली. संगणकाची आणि जाणकारांची मदत घेतली होती, हे त्याला दुसऱ्याच दिवशी सांगावे लागले. कार्य धर्मादायाचे होते, पैशाचा व्यवहार नव्हता, तरी चर्चा त्या कबुलीचीच झाली.

चालू डावात इंजिन पाहण्याचा आणखी एक तोटा आहे, तो कमी बोलला जातो. असा डाव विश्लेषणाच्या कामाचा राहत नाही. वहीत लिहायला आपला विचारच नसतो; खेळ्या उसन्या, आणि उसन्या मालाची खतावणी कोणाच्या नावावर मांडायची?

मिखाइल बोट्विनिक यांनी जगज्जेतेपद मिळवले ते १९४८ साली. आपल्या डावांचे विश्लेषण स्वतः करावे आणि ते छापून प्रसिद्ध करावे, असा त्यांचा तरुण खेळाडूंना आग्रह असे. छापले की त्यातील चुका दुसरे काढतात. साध्या खेळाडूला छापखाना कशाला हवा? वही साडूला, बहिणीला, शेजारच्या शाळकरी मुलाला वाचायला द्यावी. मुलांची दृष्टी या कामी निर्दय असते आणि तीच उपयोगाची असते. घरातील बारा वर्षांची मुलगी जिल्हा पातळीवर खेळत असेल, तर आजोबांच्या वहीत ती पहिल्याच पानावर तीन प्रश्नचिन्हे करील; ती खोडू नयेत.

दोन बारीक सूचना राहिल्या. एक, या संकेतस्थळांवर ‘अमुक आले तर तमुक’ अशा जर-तर खेळ्या आधीच नोंदवून ठेवता येतात. टपालाच्या काळात पोस्टाचा खर्च आणि दिवस वाचावेत म्हणून खेळाडू एकाच कार्डावर अशा तीन-चार खेळ्या पाठवीत. विश्लेषणाच्या दृष्टीने त्यांचे मोल मोठे आहे, कारण समोरच्याबद्दलचा आपला अंदाज त्यांत आधीच लिहिलेला असतो. अंदाज किती वेळा खरा ठरला ते मोजावे. बहुतेकांना हा आकडा धक्का देतो. दुसरी सूचना जिंकलेल्या डावांविषयी. ते तपासायला हात वळत नाही, आणि त्यांतील चुका सर्वांत स्वस्तात शिकवतात, कारण त्यांचे पैसे समोरच्याने भरलेले असतात. डोंबिवलीकरांनी हा जिंकलेला डाव तपासला असता, तर पाचव्या खेळीनंतर बी५ करून त्यांनी उंट मागे ढकलला खरा, पण पांढऱ्याने आठव्या खेळीला उंट डी५ केले असते तर काय करायचे याचा त्यांच्या वहीत एक शब्दही नाही, हे त्यांच्या लक्षात आले असते.

त्यांच्या पुढच्या डावात रंग बदलले नाहीत, कारण ठाणेकरांनी तसा हट्ट धरला. पुन्हा तीच सुरुवात, तीच सात खेळ्यांची देवघेव, डी४ वर तेच निराधार प्यादे. आठव्या खेळीपुढे ठाणेकरांच्या वहीत पहिली ओळ प्रश्नाची आहे: “बी३ च्या उंटाला जायला घर कोणते?” खाली दोन दिवसांच्या अंतराने तीन ओळी, एक खोडलेली, आणि मग खेळी: उंट डी५. कडेला ‘दुकानात’ असे लिहिलेले. या डावात एकोणिसावी खेळी झाली आहे, मोहरे समसमान आहेत, आणि पाळी डोंबिवलीची आहे.